निराधारांचे दीड हजार, सरकारी पेन्शन आणि तुमचा कर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात खासगी कंपनीत नोकरी. पगारातून आयकर आणि व्यवसाय कर कापला जातो, वर प्रत्येक खरेदीवर जीएसटी. या पैशातून सरकारी कर्मचाऱ्यांच्या पेन्शनी, लाडकी बहीण, निराधारांचं अनुदान, ज्येष्ठांचा मोफत प्रवास हे सगळं चालतं, मग यात आमच्यासारख्यांना न्याय कुठे? आणि शेवटी तुम्ही विचारलंय की घरी स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी काही महिन्यांत ६५ पूर्ण करतील, त्यांचे लाडकी बहीणचे पैसे चालू राहतील का.

आधी मावशींचं बोलू, कारण अन्याय कुठे आहे हे त्यांच्याच प्रकरणात सगळ्यात स्पष्ट दिसतं.

मी महसूल खात्यातून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमध्ये गेली, त्यातली मोठी मुदत संगायो शाखेत, म्हणजे संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचं काम. आताही गावातल्या म्हाताऱ्या माणसांचे अर्ज भरून देतो. मला स्वतःला जुन्या नियमाने पेन्शन मिळते. पुढे मी सरकारी पेन्शनबद्दल जे म्हणणार आहे ते तिचा लाभ घेणाऱ्याने म्हटलेलं आहे, हे तुम्हाला माहीत असावं.

लाडकी बहीण योजना २१ ते ६५ वयाच्या बाईसाठी आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. महिन्याला १,५०० रुपये. वयाची ६५ पूर्ण झाली की नाव कमी होतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने जी पाच लाख नावं अपात्र म्हणून जाहीर केली, त्यातली १ लाख १० हजार निव्वळ वयामुळे गेली होती.

आता या बाईने जायचं कुठे? तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजनेकडे. तिथेही १,५०० रुपयेच आहेत. पण तिथली उत्पन्नमर्यादा वर्षानुवर्षे कुटुंबासाठी सालीना २१,००० रुपये अशी राहिली आहे. बाईसाठी नव्हे, कुटुंबासाठी. महिन्याला १,७५०, दिवसाला ५८ रुपयांच्या आत. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. घरातल्या एका माणसाने शंभर दिवस खडी फोडली तरी ३१,२०० होतात आणि घरातली म्हातारी अपात्र ठरते. त्याहून पुढची गोष्ट म्हणजे नवरा-बायको दोघांनाही श्रावणबाळ मंजूर झालं तर त्यांना मिळणारं अनुदानच वर्षाला ३६,००० होतं. योजनेचा लाभच योजनेच्या मर्यादेत बसत नाही.

म्हणजे ६५व्या वर्षापर्यंत जी बाई राज्याच्या नजरेत गरजू होती, ती हातपाय थकल्यावर, घरकामं सुटल्यावर, गुडघे धरल्यावर अचानक सधन ठरते. तिचं काही बदललेलं नसतं. फक्त वय वाढलेलं असतं.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. तहसीलमध्ये अर्जांचा गठ्ठा उघडला की एकामागून एक उत्पन्नाचे दाखले निघतात: वीस हजार, वीस हजार, एकोणीस हजार पाचशे, वीस हजार. अख्ख्या गावाचं उत्पन्न वीस हजार. तलाठ्याला माहीत असतं, मंडळ अधिकाऱ्याला माहीत असतं, दाखल्यावर सही करणाऱ्यालाही माहीत असतं की दिवसाला ५८ रुपयांत कुठलंच घर चालत नाही. खरा आकडा लिहिला तर उपाशी म्हातारी बाद होते, म्हणून दयेपोटी खोटा लिहिला जातो. आणि जिथे दया नसते तिथे त्याच खोट्या आकड्याचा भाव ठरतो. ज्या घराची सरपंचाशी ओळख आहे त्याचा दाखला दोन दिवसांत येतो. ज्या एकट्या बाईला सेतू केंद्र कुठे आहे हेही ठाऊक नाही, तिच्या अर्जावर ‘मुलगा मिळवता आहे’ असा शेरा पडतो. तो मुलगा पुण्याला वॉचमन असतो आणि चार वर्षांत घरी आलेला नसतो. असे शेरे मी शेकड्याने वाचले आहेत. मर्यादा अशक्य ठेवली की गरीब निवडले जात नाहीत, वशिला निवडला जातो. माझ्या मते या सगळ्या विषयातला पहिला अन्याय हा आहे, आणि तो दूर करायला एक शासन निर्णय पुरेसा आहे.

आता पैशाकडे वळू. तुमचा करांचा मुद्दा रास्त आहे, पण त्यात एक गृहीतक आहे ते तपासायला हवं. आपण कर भरतो आणि ते घेतात, असं नोकरदार मंडळी सरसकट म्हणतात. राज्याच्या स्वतःच्या कर उत्पन्नात सगळ्यात मोठा वाटा वस्तू व सेवा कराचा. पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट, दारूवरचं उत्पादन शुल्क, घरखरेदीचं मुद्रांक शुल्क ही त्यानंतरची मोठी खाती. तुमचा आयकर केंद्राकडे जातो आणि वित्त आयोगाच्या सूत्राने त्यातला काही भाग राज्यांना परत येतो. मावशी आयकर भरत नाहीत, पण त्यांच्या साबणात, चपलेत, मोबाइलच्या रिचार्जमध्ये आणि बसच्या तिकिटात दडलेल्या डिझेलच्या करात त्या रोज भरतात. त्यांची सगळी कमाई खर्चच होते, शिल्लक काही राहत नाही, त्यामुळे असल्या करांचा वाटा त्यांच्या कमाईत जास्त बसतो. अर्थशास्त्राच्या कुठल्याही विद्यार्थ्याला हे माहीत असतं, पण पेन्शनच्या चर्चेत कुणी आठवत नाही.

पगारातून तुम्ही भरता त्या करांपैकी एकाचा इतिहास तर थेट या प्रश्नाशी जोडलेला आहे. तुमच्या पगारपत्रकात दर महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० कापलेले दिसतील. तो व्यवसाय कर. १९७२च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला बसली, त्यातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना राज्यभर उभी राहिली. तिला कायमचा पैसा हवा म्हणून १९७५ साली महाराष्ट्राने हा कर लावला. शहरातल्या नोकरदाराने आणि व्यावसायिकाने भरायचं, बागायतदारानेही वाटा द्यायचा, तेवढीच भर सरकारने घालायची, आणि त्यातून कोरडवाहू गावात मागेल त्याला काम. कायदा १९७७चा, अंमल १९७९पासून. देशात कुठेही असं नव्हतं. गरिबासाठीचा पैसा कुणाकडून घ्यायचा हे तेव्हाच्या विधिमंडळाने उघडपणे ठरवलं, त्याला नाव दिलं आणि तो पैसा वेगळा ठेवला. न्याय्य निधी म्हणजे काय, याचं आपल्या मातीतलं याहून चांगलं उदाहरण मला ठाऊक नाही.

पण आज त्या कराची अवस्था बघा. राज्यघटनेच्या कलम २७६ने त्याला वर्षाला २५० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती. १९८८च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० केली आणि त्यानंतर ती हललेलीच नाही. महाराष्ट्रात महिन्याला दहा हजारांच्या वर पगार असलेला पुरुष वर्षाला २,५०० भरतो. बारा हजारांचा सुरक्षारक्षकही तेवढेच आणि ज्या कंपनीच्या दारावर तो उभा आहे तिचा संचालकही तेवढेच. बायकांना २०२३पासून पंचवीस हजारांपर्यंत सूट मिळाली, ती चांगली झाली. पण वरच्या टोकाला १९८८चाच आकडा आहे. तुम्हाला भार कुठे अन्याय्य पडतोय हे शोधायचं असेल तर इथे शोधा. मावशींच्या १,५०० रुपयांत तो सापडणार नाही. कमाल मर्यादा उठवायची तर संसदेत घटनादुरुस्ती लागेल, हे खरं. पण महाराष्ट्रासारख्या राज्याने ती मागणी लावून धरली पाहिजे, कारण हा कर गरिबांसाठी वेगळा ठेवून कसा वापरायचा हे आपण एकदा करून दाखवलेलं आहे.

आता सरकारी पेन्शन. यावर लोक फार कडू बोलतात, आणि मला त्यातला अर्धा राग योग्य वाटतो. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नाकारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सांगितलं की पेन्शन म्हणजे मालकाची मेहेरबानी नव्हे, तो केलेल्या सेवेतून मिळालेला हक्क आहे. ज्यांना उमेदीच्या काळात राबवून घेतलं त्यांना म्हातारपणी वाऱ्यावर सोडता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड त्या पीठात होते. मी या निकालाच्या बाजूचा आहे. पण मी कचेरीत बसून राबलो आणि माझ्यासमोर रांगेत उभी असलेली बाई तीस वर्षं कापूस वेचत राबली. राबण्याचा मोबदला म्हणून पेन्शन असेल तर तिचा दावा माझ्यापेक्षा कमी कसा? घटनेचं कलम ४१ म्हातारपण, आजारपण, बेकारी यांत सार्वजनिक मदतीची जबाबदारी राज्यावर टाकतं. तिथे सरकारी नोकर असा शब्द नाही.

फरक किती आहे ते महागाईवरून कळतं. माझ्या पेन्शनवर वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैला, महागाई भत्ता वाढतो. मला कुणाच्या पाया पडावं लागत नाही, मोर्चा काढावा लागत नाही. निराधारांचं अनुदान मात्र कुणाच्या तरी मर्जीवर वाढतं. ६००वरून १,००० व्हायला वर्षं गेली, १,०००वरून १,५०० झालं ते २०२३च्या जुलैपासून. केंद्राची गोष्ट तर सांगायचीही लाज वाटते. इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तीवेतन योजनेत केंद्राचा वाटा ६० ते ७९ वयाच्या माणसामागे महिन्याला २०० रुपये. तो २००७च्या आधीपासून तेवढाच आहे. ऐंशीच्या पुढे ५००. महाराष्ट्रात उरलेले १,३०० राज्य घालतं म्हणून १,५०० होतात. दरम्यान किमती साधारण तिप्पट झाल्या. त्या २०० रुपयांत तेव्हा जे यायचं त्यातलं एक तृतीयांश आज येतं. कष्टकऱ्यांचे नेते बाबा आढाव आणि सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांनी २०१२ साली पेन्शन परिषदेच्या वतीने दिल्लीत जंतरमंतरवर धरणं धरलं, ते याचसाठी: प्रत्येक कष्टकऱ्याला किमान वेतनाच्या निम्म्याने पेन्शन, आणि ती महागाईला बांधलेली. मागणी तिथेच पडून आहे.

तुमच्यासारख्या खासगी नोकरदारांवरही अन्याय आहे, आणि तो तुम्ही लिहिलेला नाही म्हणून मी लिहितो. तुमच्या भविष्य निर्वाह निधीतून १९९५च्या कर्मचारी पेन्शन योजनेत मालकाच्या वाट्यातले जास्तीत जास्त १,२५० रुपये जातात, कारण पगाराची मर्यादा २०१४पासून १५,००० धरली आहे. सूत्र असं: पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. पस्तीस वर्षं नोकरी केली तरी साधारण साडेसात हजार. त्यावर महागाई भत्ता नाही. किमान पेन्शन १,००० रुपये, तीही २०१४ची. एसटीचे निवृत्त वाहक-चालक, साखर कारखान्यांचे, सूतगिरण्यांचे कामगार याच योजनेत आहेत. तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस दोन-अडीच हजारांवर दिवस काढतो आणि त्याला किमान ७,५०० मिळावेत म्हणून बुलढाण्यातून आंदोलन करावं लागतं. तो निराधारात बसत नाही आणि त्याची पेन्शन पुरत नाही. मार्च २०२३च्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा घुमली तेव्हा राज्याचं कामकाज ठप्प झालं आणि सरकारला बोलावं लागलं. एसटीच्या निवृत्ताने किंवा कापूस वेचणारीने संप केला तर काय ठप्प होणार? ज्याच्या हातात थांबवण्याची ताकद आहे त्याचं ऐकलं जातं. त्यात कर्मचाऱ्यांचा दोष नाही, त्यांनी आपला हक्क मागितला. पण राज्याने तरी ताकदीकडे न बघता गरजेकडे बघायला हवं.

आकडे एकदा शेजारी ठेवतो. राज्याचा सरकारी निवृत्तिवेतनावरचा खर्च वर्षाला ६०,००० कोटींच्या पुढे गेलेला आहे. लाडकी बहीणसाठी २०२५-२६च्या अर्थसंकल्पात ३६,००० कोटींची तरतूद होती. संजय गांधी आणि श्रावणबाळ या दोन्हींचे लाभार्थी २०२३ साली वाढ झाली तेव्हा ४१ लाखांच्या घरात होते. तेव्हाच्या दराने प्रत्येकी वर्षाला १८,००० म्हणजे ७,४०० कोटींच्या आसपास. सगळ्यात गरीब, सगळ्यात म्हाताऱ्या, विधवा, अपंग माणसांवरचा हा सगळा खर्च. यावर ‘फुकट वाटप’ म्हणून बोट ठेवलं जातं तेव्हा मला खरोखर वाईट वाटतं.

लाडकी बहीण बंद करा असं मी म्हणणार नाही. त्या दीड हजारातून गॅस भरणाऱ्या, पोरांची फी देणाऱ्या बायका मी रोज पाहतो. पण तिच्यासाठी २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास विभागांचा निधी वळवला गेला, तो प्रकार मला अजिबात मान्य नाही. त्यावर सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली होती. एका गरिबाचं काढून दुसऱ्या गरिबाला देणं याला निधी उभारणं म्हणत नाहीत. नवी योजना आणायची तर तिचा नवा पैसा दाखवायचा, १९७५ला दाखवला तसा. माथाडी कायदा बघा, १९६९चा. हमालाच्या मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही माल उतरवून घेणाऱ्याने मंडळात भरायची, आणि त्यातून हमालाचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, दवाखाना. ज्याच्यासाठी तो राबतो त्यानेच त्याच्या म्हातारपणाची तजवीज करायची. घरकामगारांसाठी २००८ला कायदा झाला, मंडळ झालं, पण अशी लेव्ही नाही, म्हणून मंडळाच्या हातात फारसं काही नाही. तुमच्या सोसायटीने मावशींच्या पगारावर दरमहा पाच टक्के जास्त भरावेत असा नियम आला तर तुम्ही काय म्हणाल, याचा विचार जरूर करा. मी त्याला पाठिंबा देईन.

श्रीमंत म्हाताऱ्यांच्या सवलतीबद्दल थोडक्यात. एसटीत ७५च्या पुढे मोफत प्रवास आणि ६५ ते ७४ला निम्मं तिकीट, त्याला उत्पन्नाची अट नाही. ती नसावीच. ज्याच्या दारात गाडी आहे तो लाल डब्यात बसायला येत नाही. जिथे सोय स्वतःच गरजूला निवडते तिथे दाखले मागून वेळ घालवू नये. रोख पैशाचं तसं नाही, तिथे अट हवी, पण ती खरी असावी. माझं मागणं सरळ आहे: अडीच लाखांची जी मर्यादा लाडक्या बहिणीला, तीच तिच्या म्हाताऱ्या आईला. वय ६५ झालं की नाव आपोआप श्रावणबाळमध्ये जावं, नवा अर्ज, नवा दाखला नको. आणि अनुदान दर वर्षी महागाईप्रमाणे वाढावं. यासाठी लागणारा पैसा मी वर दाखवला त्या मार्गांनी उभा राहू शकतो, आणि कमी पडला तर माझ्यासारख्या पेन्शनरांच्या वरच्या टप्प्यांना थोडी झळ बसली तरी चालेल.

आता मावशींसाठी. त्यांचे पैसे वय पूर्ण झाल्यावर थांबतील, तेव्हा वाट बघत बसू नका. अटल पेन्शन किंवा श्रमयोगी मानधन त्यांच्या उपयोगाचं नाही, दोन्हींत नाव घालायचं वय चाळिशीपर्यंतच आहे. त्यांचं किंवा त्यांच्या नवऱ्याचं नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत आहे का हे आधी पाहा. गावाकडची ग्रामपंचायत किंवा शहरात असतील तर महापालिकेचं क्षेत्रीय कार्यालय सांगेल. यादीत नाव असेल तर उत्पन्नाच्या दाखल्याची कटकट वाचते आणि इंदिरा गांधी योजनेतून अर्ज होतो. नसेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागेल. वयाच्या पुराव्यात घोळ सर्वात जास्त होतो: आधारवर एक जन्मसाल, मतदार यादीत दुसरं. ते आत्ताच एकसारखं करून घ्या. राज्यात पंधरा वर्षं राहत असल्याचा रहिवासी पुरावा, आधारला जोडलेलं बँक खातं, फोटो हे तयार ठेवा. अर्ज सेतू केंद्रात किंवा तहसीलच्या संगायो शाखेत द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. नामंजूर झाला तर कारण लेखी मागा. तोंडी कारणावर पुढे दाद मागता येत नाही. मंजूर झाल्यावर दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो चुकला की पैसे बंद होतात आणि पुन्हा चालू व्हायला महिने जातात. अर्ज द्यायच्या दिवशी त्यांना सुट्टी द्या, पगार कापू नका, आणि जमलं तर तुम्ही स्वतः सोबत जा. कारकुनासमोर शिकलेला माणूस उभा असला की अर्जाचा निपटारा लवकर होतो, हे मी खिडकीच्या आतल्या बाजूने पाहिलेलं आहे.